पुढे कुणी नसताना

मी बेचाळीस किलोमीटर पळणारी बाई होते, आणि चांगली पळणारी होते. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. राज्यात पहिली आले, देशात पहिली आले, देशाचं नाव छापलेला बनियन घालून परदेशातही पळून आले. आता मैदानावर पोरींना शिकवते. एखादी नवी पोर कधीतरी विचारते, मॅडम, तुमचे पहिले कोच कोण? मी म्हणते, घोडी. पोरी हसतात. मॅडम आज खुशीत आहेत असं त्यांना वाटतं. पण ते खरं आहे, आणि त्याच घोडीपायी मी एकदा जिंकलेली शर्यत घालवून बसले, हेही तितकंच खरं आहे.

आमचं गाव अवसरी बुद्रुक, मंचरपासून सायकलीने जाता येईल एवढं जवळ. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा शेती करायचे, कांदा-बटाटा काढून मंचरच्या बाजारात घालायचे. ते काय, सगळेच करतात. पण दादांना जुन्नर, आंबेगाव, खेड अशा तीन तालुक्यांत लोक ओळखायचे ते घोडीमुळे. आमच्याकडे गावोगावच्या जत्रेला बैलगाड्यांच्या शर्यती असतात. पळायचा मार्ग चढाचा असतो, त्याला घाट म्हणायचं, आणि एकेका गाड्याच्या पळण्याला बारी. गाड्यावर हाकायला माणूस नसतो. पुढे एक घोडी असते, तिच्यावर बसलेला माणूस असतो. ती सुटली की तिच्यामागे बैल सुटतात. बक्षीस गाडामालकाला, हळदीचा भंडारा बैलांच्या अंगावर, आणि घोडीवाला घाटमाथ्यावर एका बाजूला उभा राहून टोपीने घाम पुसत असतो. दादा तो घोडीवाला होते. जत्रा जवळ आली की गाडामालक आमच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि चहा संपेपर्यंत दादांना गळ घालायचे.

या कामात काय मोठं, पुढे पळायचं एवढंच ना, असं मी लहानपणी एकदा बोलून गेले. दादा रागावले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, "घोडी लई लांब न्यायची न्हाई. बैलाला वाटलं पायजे, आत्ता गाठली. वाटू द्यायचं, पर गाठू द्यायची न्हाई." मला तेव्हा त्यातलं फारसं काही कळलं नाही.

घोडीला रोज सकाळी पळवून आणावं लागे. दादा तिला कालव्याच्या वाटेने न्यायचे. मी तिसरी-चौथीत असताना एक दिवस उगीच मागे पळत सुटले. दादांनी मागे वळून पाहिलं नाही, पण घोडी थोडी हळू झाली. मला वाटलं, गाठली. मी जोर केला, तशी घोडी दोन पावलं पुढे. परत हळू झाली, परत मी जोर केला, परत तेच. घरी आले तेव्हा रागाने माझे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी दादा उठायच्या आधी मी दारात उभी. पुढची कित्येक वर्षं मी त्या घोडीच्या शेपटीकडे बघत पळाले, आणि ती मला एकदाही सापडली नाही.

शाळेच्या शर्यतीत मी पहिली यायला लागले तशी दादांनी ते मनावर घेतलं. आता दादांना माहीत काय, तर बैल. मग शर्यतीच्या बैलाला जे जे लागतं ते ते मला सुरू झालं. सकाळी दुधात फोडलेली अंडी, संध्याकाळी पोटऱ्यांना तेल, शर्यतीच्या आदल्या दिवशी कुणाची नजर लागू नये म्हणून घरात बसून राहायचं. आई वैतागायची. पोरगी आहे ती, बैल नाही, असं ती दादांना ऐकवायची. दादा शांतपणे म्हणायचे, पोरीपेक्षा बैलालाच लोक जास्त जपतात, तुला उलट बरं वाटलं पाहिजे.  आई तेल गरम करायला आत जायची.

पुढे घोडीचं वय झालं. तिला दादांनी जत्रेपुरतं राखलं आणि माझ्यासाठी जुनी एम-एटी, ती किकवर चालू होणारी छोटी दुचाकी, घेतली. कालव्याच्या वाटेवर पुढे एम-एटीवर ताठ बसलेले दादा आणि मागे धूर खात पळणारी मी, हे गावाला इतकं सवयीचं झालं की कुणी मान वर करून बघायचं नाही. परगावचे लोक मात्र फसायचे. एकदा एका पाहुण्याने जीप आडवी घालून दादांना चांगलं झापलं होतं. एवढी मोठी पोर मागं पळतीय, तिला गाडीवर घ्यायला काय झालं तुम्हाला, म्हणून. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पावणं, तिला बसवलं तर गाडी कशाला पळवू?" पाहुणा डोक्याला हात लावून निघून गेला.

मंचरच्या कॉलेजात गेल्यावर मला खेळाचे सर भेटले. सरांनी मला लांब पल्ल्याला घातलं. आधी दहा किलोमीटर, मग एकवीस, मग बेचाळीस. मी मागून यायची. सगळ्या शर्यतभर पुढचीच्या पाठीवर डोळे रोवून पळायची आणि शेवटच्या वळणावर तिला गाठायची. लोकांना ते फार आवडायचं. सरांना आवडायचं नाही. ते म्हणायचे, तू गाठतेस छान, पण गाठल्यावर तुझं काम संपतं. मला ती तारीफ वाटायची. शर्यत संपता संपता गाठायचं म्हणजे पुढे पळायचा प्रश्नच येत नाही, हा माझा हिशेब होता, आणि वर्षं-दोन वर्षं तो बरोबर येत गेला. नातेवाईक स्थळं सुचवायला लागले होते, पण दादा त्यांना सरळ सांगायचे, आधी बारी होऊ दे.

मग ती निवडीची शर्यत आली. थंडीचे दिवस होते. मंचरहून निघून घोडेगाव, तिथून पुढे डिंभे धरणाच्या अलीकडून वळून परत मंचर, असा रस्ता. बायकांमध्ये जी पहिली येईल ती राज्याच्या शिबिरात जाणार होती. शिबिर म्हणजे राहणं, खाणं, चांगले बूट, शिकवणारे लोक, आणि तिथून पुढे देशाच्या संघाचा रस्ता. दुसरीला काहीच नव्हतं. आमच्याच तालुक्यातली शर्यत, त्यामुळे मी जिंकणार हे गावाने ठरवून टाकलं होतं. मीही ठरवलं होतं.

नाशिककडची एक उंच मुलगी सुरुवातीपासून पुढे होती. तिची वेणी डावी-उजवी हलत होती आणि मी त्या वेणीमागे आरामात पळत होते. मला ती घोडीच्या शेपटीइतकी ओळखीची वाटायला लागली. पण त्या मुलीला वळणानंतर चढावर पायात चमक भरली, ती हळू पडली, आणि परतीच्या वाटेवर घोडेगावच्या अलीकडेच मी तिच्या पुढे निघून गेले. अजून मंचर बरंच लांब होतं. हे माझ्या हिशेबात नव्हतं.

पुढे नुसता रस्ता होता. दोन्ही बाजूला ज्वारी, मध्ये डांबर, आणि माझ्यापुढे कुणी नाही. मला काय झालं ते मी आज नीट सांगू शकते, तेव्हा कळलं नव्हतं. दम होता, पाय ठीक होते, पण कशाच्या मागे पळायचं तेच समजेना. मी किती जोरात पळतेय याचा अंदाज येईनासा झाला. थोड्या वेळाने मागून त्या मुलीच्या बुटांचा आवाज यायला लागला. तिची चमक गेली होती. आवाज जवळ येत होता आणि मी वेग वाढवायचं सोडून आणखी घाबरत होते.

घोडेगाव सोडल्यावर एका चिंचेखाली दादा उभे होते. त्यांनी मला लांबूनच पाहिलं. घाटात बैल वाट सोडून फुटायला लागला की त्यांना जसं आधी कळायचं तसंच त्यांना हेही कळलं असणार.  त्यांनी एम-एटीला किक मारली, ती माझ्यापुढे रस्त्यावर घेतली, आणि ताठ बसून, मागे न बघता, माझ्या नजरेपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर चालवायला सुरुवात केली. ओळखीचा धूर नाकात गेला आणि माझे पाय आपोआप लांब पडायला लागले. मागचा आवाज हळूहळू पुसट होत गेला. मंचर कसं आलं ते मला कळलंही नाही.

रस्त्याच्या कडेला आमच्या गावचे लोक होते. त्यांना यात काही वावगं दिसलं असेल तर शपथ. उलट सगळ्यांना आनंद झाला. घोडी लागली, घोडी लागली, अशी आरोळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मी फीत तोडली तेव्हा कुणीतरी पिशवीभर भंडारा माझ्या डोक्यावर उधळला. मी पिवळीधमक होऊन खोकत उभी होते आणि हसत होते.

मग शर्यतीचे एक पंच आले. सडपातळ, शांत माणूस. त्यांनी विचारलं, हिच्यापुढे गाडी कोण चालवत होतं? आणि दादा छाती काढून पुढे झाले. मीच, मी हिचा बाप, म्हणाले. पंचांना नीट कळावं म्हणून गावकरीही मदतीला धावले. असा घोडीवाला तीन तालुक्यांत सापडणार नाही, हिला लहानपणापासून यांनीच पुढे राहून पळवलं, आजही शेवटपर्यंत यांनीच आणलं, अशी चौघा-पाचजणांनी साक्ष दिली. पंच सगळं ऐकत होते. सर लांबून हातवारे करत पळत येत होते, गप्प बसा म्हणून, पण तोपर्यंत सांगायचं काही उरलं नव्हतं.

पंचांनी नियम सांगितला. पळणाऱ्याच्या पुढे वाहन ठेवून त्याला वेग देता येत नाही. माझं नाव बाद झालं. पहिली आली ती नाशिककडची मुलगी. दादांना खरोखरच कळेना. ते म्हणाले, "सायब, मी तिला हात लावला न्हाई. पाणी दिलं न्हाई. मी निस्ता पुढं व्हतो."

"तेच चालत नाही," पंच म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं हे मला आज कळतं. तेव्हा मी त्यांना वाट्टेल ते बोलले. माझा आवाज मोठा आहे आणि तो मी सगळा वापरला. गावातली माणसं बाह्या सारायला लागली होती, सरांनी मध्ये पडून त्यांना आवरलं. दादा एका जागी उभे होते, टोपी हातात घेऊन. मी त्यांना घाटावर हरलेल्या गाड्याबरोबर अनेकदा पाहिलं होतं, पण त्यांचा चेहरा असा कधी झाला नव्हता.

मी पाण्याच्या टाकीपाशी डोक्यावरचा भंडारा धूत होते तेव्हा ती मुलगी आली. मला वाटलं चिडवायला आली असेल, आणि मी तयारीतच होते. पण ती म्हणाली, "तू मला मागे टाकलंस तेव्हा मी शर्यत सोडूनच दिली होती. मग तू हळू का झालीस?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.  पंचांनी माझं नाव खोडलं तेव्हा जेवढं लागलं नव्हतं, तेवढं त्या प्रश्नाने लागलं. एम-एटी आली नसती तर मी जिंकले असते का? मला माहीत नव्हतं. आणि जिला हे माहीत नाही, ती शिबिरात जाऊन तरी काय करणार होती?

घरी त्याच एम-एटीवर दादांच्या मागे बसून आले. 

गावाने आठ-पंधरा दिवस पंचांना शिव्या घातल्या आणि मग माझी चेष्टा सुरू केली. दुकानात गेले तरी, घोडी कुठं बांधली, असं कुणीतरी विचारायचं. घोडीबिगर बारी नाही, असं एकजण माझ्यादेखत म्हणाला, तेव्हा मी त्याला कालव्यापर्यंत पळून दाखवायचं आव्हान दिलं. तो आला नाही. पण तो बोलला ते मलाही वाटत होतं, म्हणून तर मला एवढा राग आला.

सर एवढंच म्हणाले की पुढच्या वर्षी पुन्हा संधी आहे, आणि या वर्षभरात तुला एकच गोष्ट शिकायची आहे. कुठली ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

सरांशी हे बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी नेहमीसारखी एम-एटी कालव्याच्या वाटेवर आणली आणि किक मारली. मी म्हणाले, "दादा, आजपास्नं तुमी येऊ नका."

त्यांनी विचारलं, किती दिवस. मी म्हणाले, कायमचं. त्यांनी गाडी बंद केली. 

"घोडीबिगर बैल पळत न्हाई, पोरी," ते म्हणाले.

"मी बैल न्हाई, दादा."

ते गाडीवरून उतरले आणि ती हाताने ढकलत घराकडे गेले. चालू करून गेले असते तर आवाज माझ्या कानावर पडला असता आणि मी त्या आवाजामागे पळाले असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची पाठ लहान होत गेली आणि मला रडू आलं. पण मी त्यांना हाक मारली नाही.

पहिले काही महिने भयंकर गेले. मी एकटी पळायला लागले की थोड्या अंतरावर पाय ढिले पडायचे. कधी पुढे जाणाऱ्या सायकलवाल्याच्या मागे लागायची, कधी दुधाच्या गाडीमागे. एकदा तर एका म्हशीच्या मागे पळत असल्याचं माझ्या लक्षात आलं, आणि मी मधेच थांबून स्वतःलाच शिव्या दिल्या. सरांनी मग उलटं सुरू केलं. मला आधी सोडायचे आणि कॉलेजच्या मुलांचा संघ माझ्यामागे सोडायचे. ते मला गाठायचे आणि हसत पुढे जायचे. मी रोज हरायची. माझ्यासारखीला रोज हरणं परवडत नाही, मला जेवण गोड लागेना.

पण हळूहळू काहीतरी बदललं. आधी मी मागच्या पावलांचा आवाज ऐकून घाबरायची. मग तो ऐकायचा कंटाळा आला. मग माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला, आणि त्यात एक ठेका आहे हे समजलं. तो ठेका मी वाढवू शकते, कमी करू शकते, आणि त्याला पुढे कुणी असण्याची गरज नाही, हे एका सकाळी पाटाच्या दारापाशी मला लख्ख कळलं. त्या दिवशी मुलांनी मला गाठलं नाही. संघातला सगळ्यात जोरात पळणारा मुलगा धापा टाकत आला आणि आज तुला काय झालं असं विचारायला लागला. मी त्याला म्हणाले, उद्यापासून जरा लवकर निघत जा.

दादा या सगळ्यात कुठे होते? ते ओट्यावर होते. मी निघायच्या आधी ते उठून बसलेले असायचे. मी बूट बांधायची, ते बघायचे. मी गेल्यावर मी परत येईपर्यंत ते घरात कुणाला एम-एटी चालू करू देत नाहीत, असं आईने मला सांगितलं. एकदा माझ्या भावाला कामाला जायची घाई होती तर त्याला पायी काढून दिलं म्हणे. पळण्याबद्दल त्यांनी मला वर्षभर एकदाही काही विचारलं नाही. तेल मात्र रोज गरम झालेलं असायचं.

पुढच्या वर्षीची शर्यत पुण्यात होती. पुन्हा पहिल्या एकीलाच शिबिर. निघायच्या दिवशी दादा मला एसटी स्टँडवर सोडायला आले. एसटी लागली, मी चढले, खिडकीशी बसले. ते खालून म्हणाले, "तितं पुढं कोन असतंय?"

मी म्हणाले, कुणी नसतं. दादा बरं म्हणाले आणि गाडी हलायच्या आधीच वळून चालायला लागले.

पुण्यात त्या दिवशी मी वेगळी पळाले. कुणाच्या वेणीमागे गेले नाही. निम्मी शर्यत झाल्यावर पुढे निघाले आणि पुढेच राहिले. नाशिककडची मुलगी त्या दिवशी पळत नव्हती, शिबिरातूनच ती पुढच्या संघात गेली होती. पण तिच्याइतक्याच चांगल्या तिघी-चौघी माझ्यामागे होत्या. आणि इथे एक गंमत झाली. मी पहिली झाले तसा एक मोटारसायकलवाला पोलिस लाल झेंडा लावून माझ्यापुढे येऊन चालायला लागला. मोठ्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्यापुढे रस्ता मोकळा करायला असा माणूस असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला पळता पळता हसू आलं. ज्या गोष्टीपायी माझं वर्ष गेलं, ती यांनी स्वतःच आणून माझ्यापुढे ठेवली होती.

पायांना लगेच ओळख पटली. धूर आला, पुढे ताठ पाठ आली, आणि पाय म्हणाले, चला, आता विचार करायला नको. मी पायांना मोकळं सोडलं नाही. नजर मोटारसायकलवरून काढून रस्त्यावर घेतली आणि माझ्या श्वासाचा ठेका धरला. बरं झालं, कारण शेवटचे पाच-सहा किलोमीटर उरले असताना नदीच्या पुलावर त्याची गाडी बंद पडली. पोलिस किकवर किक मारत होता. मी त्याच्या बाजूने पुढे गेले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि ताई, तुमी चला, असं म्हणाला. आणि मी चालले. पूल संपला, वळण आलं, समोर रिकामा रस्ता पसरलेला, मागे बुटांचे आवाज. मी वेग वाढवला. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणाला गाठायचं होतं म्हणूनही नाही. मला वाढवावासा वाटला आणि मी वाढवला. आयुष्यात पुढे देशात पहिली आले तेव्हाही इतका आनंद झाला नाही. फीत तोडली तेव्हा दुसरी अजून वळणावरसुद्धा दिसत नव्हती.

आमच्या घरी फोन नव्हता. दादा ज्या शेठकडे माल घालायचे त्यांचं मंचरला दुकान होतं, तिथे फोन होता. शेठचे आजोबा राजस्थानातून आले होते, पण शेठ बोलायचे अगदी आमच्यासारखं. मी मैदानाबाहेरच्या बूथवरून त्यांना फोन लावला. मी बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, आलीस का? मी म्हणाले, आले. पहिली आले. शेठनी रिसीव्हर बाजूला धरून दुकानात ते ओरडून सांगितलं.

मग ते मला सांगायला लागले. दादा सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले होते. आल्या आल्या त्यांनी एम-एटीची चावी शेठच्या हातात दिली आणि म्हणाले, दुपारपर्यंत मी मागितली तरी देऊ नका. पुणे काही लांब नाही, तासा-दोन तासांत ते पोहोचले असते. मध्ये त्यांनी ती चावी मागितलीच. एकदा गोड बोलून, एकदा रागावून. शेठनी दिली नाही. मग ते बटाट्याच्या थप्पीला टेकून रस्त्याकडे पाठ करून बसले, ते फोन येईपर्यंत उठले नाहीत.

मी म्हणाले, दादांना द्या फोन.  शेठ म्हणाले, "तो मागं हौदावर गेलाय. तोंड धुतोय. आत्ता नको."

पंधरा दिवसांनी गावाने माझा सत्कार ठेवला, देवळापुढच्या पटांगणात. सूत्रसंचालन करायला जत्रेच्या घाटातला निवेदकच होता, ज्याला बारीचं वर्णन करायची सवय. त्याने माझंही वर्णन तसंच केलं, माझ्या पायांचं, दमाचं, नजरेचं, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग तो म्हणाला, ज्यांनी पुढे राहून हिला घडवलं त्या आपल्या घोडीवाल्यांनी दोन शब्द बोलावेत. दादा नको नको म्हणत होते, चौघांनी धरून उभं केलं. आयुष्यभर त्यांनी ती भोंग्यावरची वर्णनं ऐकली होती, स्वतः माईक हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. तो त्यांनी तोंडाच्या फार जवळ धरला आणि भोंगा किंचाळला.

"पुन्यात ही पळाली तवा मी तितं नव्हतो," दादा म्हणाले. "मी मंचरला बसून व्हतो. तेवढंच केलं मी."

लोकांना वाटलं दादा नम्रपणे बोलतायत. काहीजण हसले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी माईक माझ्या हातात दिला आणि खाली बसले. मी भाषण पाठ करून आले होते. ते सोडलं, आणि शेठच्या हातात दिलेल्या चावीपासून सांगायला सुरुवात केली.